दोरी कोण ओढणार?

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. गौरी-गणपती होऊन पाच-सहा दिवस झाले असतील. दिवेलागणीला सासूबाई तुळशीपाशी दिवा ठेवायला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगं, बॅटरी आण, बॅटरी!"

मी बॅटरी घेऊन धावले. तुळशीवृंदावनाच्या मागे गुडघाभर गवत माजलं होतं आणि त्यातून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज येत होता. घोणस! उजेड पडला तशी ती सरसरत गोठ्याच्या बाजूला गेली आणि दिसेनाशी झाली. दिसेनाशी झालेली घोणस दिसणाऱ्या घोणशीपेक्षा वाईट, हे वस्तीवर राहणाऱ्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. सकाळी पाचला धारा काढायला मलाच गोठ्यात जायचं होतं.

आमची वस्ती नीरा नरसिंहपूरच्या शिवारात. नीरा आणि भीमा जिथे भेटतात तिथे पुणे जिल्हा संपतो. तीन बाजूंनी पाणी आणि मधे लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ. वरून उजनीचं पाणी सुटलं आणि तिकडून नीराही भरली की घाटाच्या पायऱ्या दिसत नाहीत. पाण्याला तोटा नाही, म्हणजे गवतालाही नाही. हरळी, लव्हाळा, आणि ते मेलं गाजरगवत. ते आपल्याकडे पहिल्यांदा १९५५च्या सुमारास पुण्यातच नोंदलं गेलं म्हणतात. तिथून ते देशभर पसरलं, मग आमचं अंगण कसं सुटेल?

तर त्या रात्री मला झोप नाही. आणि गंमत बघा, गवत कापायचं मशीन घरात होतं! चांगलं पेट्रोलवरचं. दोन वर्षांपूर्वी ह्यांनी हौसेनं आणलेलं. पण हे बारामतीच्या एमआयडीसीत, सुट्टीला घरी येणार. मुलगा पुण्याला शिकायला. वस्तीवर मी, सासूबाई आणि दोन म्हशी. सकाळी उजाडल्यावर पडवीतून मशीन ओढून काढलं. चोक दिला, बटण चालू केलं, दोरी ओढली. फट्... फट्... आणि गप्प. दहा वेळा ओढली, वीस वेळा ओढली. माझा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरलेला, त्यात कळ गेली ती थेट बोटांपर्यंत. शेवटी फोन केला तर हे म्हणाले, "अगं, त्यातलं पेट्रोल जुनं झालं असेल. नवीन घाल. आणि टू-टी ऑइल मोजून घाल बरं का, नाहीतर इंजिन जाईल."

आता पेट्रोल आणायचं म्हणजे पंप गाठायचा. माझ्याकडे गाडी नाही. एका पोराच्या हातापाया पडून त्याला पाठवलं, तर बाटलीत देत नाही म्हणून पंपावरून परत आला. मग त्याच्याच मोटारसायकलमधून नळी लावून लिटरभर काढलं. ऑइलची डबी सापडेना. "एवढ्यानं काय होतंय काकू?" म्हणत त्यानं साधंच पेट्रोल ओतलं, दोरी ओढली, मशीन सुरू झालं. दहा मिनिटं झकास चाललं. मग एकदम कर्र असा आवाज आला आणि थांबलं ते कायमचं. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच आतल्या पिस्टनला वंगण देतं, त्याला दुसरं वंगण नसतं. ते नसेल तर पिस्टन तापून आतच चिकटतो. हे मला अकलूजच्या मेकॅनिकने समजावून सांगितलं, दुरुस्तीचं बिल हातात ठेवताना.

गवत मग विळ्यानं कापलं. मी आणि खुरपणीला येणाऱ्या एक मावशी, दोघींनी मिळून दोन दिवस. हातात काठी, पायात ह्यांचे गमबूट. मावशी म्हणाल्या, "मशीन हाय आन् मशीन न्हाय, सारखंच की गं बाई!"

हे त्यांचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं आणि पुढच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत मी विषय काढला. आमचा गट दहा जणींचा. शिल्लक बऱ्यापैकी साठलेली, काहीतरी भाड्यानं देण्यासारखं घ्यावं असं चाललंच होतं. कुणी मंडपाची भांडी म्हणत होतं, कुणी पिठाची गिरणी. मी म्हटलं, गवत कापायचं मशीन घेऊ या, पण बॅटरीवरचं.

झालं! एकच गलका. एक जण म्हणाली, "बॅटरीचं म्हणजे खेळणं असतं. माझ्या दिरानं मागवलं होतं अडीच हजाराचं, हरळीला बघूनच बंद पडलं." दुसरी म्हणाली, "आपल्याकडं लाईटीचा काय भरवसा?" सगळ्यांचा कल पेट्रोलकडेच. त्यातही चूक काही नव्हती. बांधच्या बांध मारायचे तर पेट्रोललाच दम. टाकी संपली की पुन्हा भरायची, दोन मिनिटांत काम सुरू.

तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या मावशी बोलल्या. त्याही गटात आहेत. "दोरी कोण वढणार?" त्या म्हणाल्या. "तुमचं मालक, नायतर पोरगं. आन् मशीन ज्येच्या हातात, भाडं त्येच्याच खिशात. गटाच्या वहीत काय लिव्हणार मग, शून्य?"

सगळ्या गप्प झाल्या. कारण असं झालेलं प्रत्येकीनं कुठे ना कुठे पाहिलेलं होतं. गटाच्या कर्जावर घेतलेली शिलाई मशीन बायकांकडे राहते, पण गटाच्या कर्जावर घेतलेला कडबाकुट्टीचा मोटार-सेट कधी नवऱ्याचा होऊन जातो, ते कळतही नाही.

मग मी जरा हिशेबाला बसले. मेकॅनिककडे, दोन-तीन दुकानांत, जानेवारीत बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रावर भरणाऱ्या 'कृषिक' प्रदर्शनात, जिथे संधी मिळाली तिथे विचारत गेले. (दुकानात बाई एकटी मशीन बघायला गेली की पहिला प्रश्न येतो, "मालक नाही आले?" असो.) जे कळलं ते सांगते, कारण पुढेमागे तुमच्यापैकी कुणाला तरी लागेलच.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट विजेएवढी ताकद भरलेली असते. त्यातली पाऊण तर इंजिन नुसती तापण्यात घालवतं, तरी उरलेली पाव पुष्कळ झाली. उलट चाळीस व्होल्ट आणि चार अँपिअर-तासाची चांगली लिथियम बॅटरी घेतली, तर तिच्यात युनिटचा सहावा हिस्सासुद्धा मावत नाही. चाळीस गुणिले चार, एकशे साठ वॅट-तास, म्हणजे ०.१६ युनिट. म्हणून अंगणातल्या मऊ गवतात ती पाऊण तास जाईल आणि जून लव्हाळ्यात वीस मिनिटांत मान टाकेल. बॅटरीवर जे वॅट-तास लिहिलेले असतात तेवढेच खरे. दुकानदार 'दोन तास चालतं' म्हणाला तर ते हवेत फिरवून चालतं, गवतात नाही. आणि त्या अडीच हजारवाल्या खेळण्याची गत तशी का झाली, तेही यातच आलं.

पण खर्चाचं बघाल तर उलट. अशा दोन बॅटऱ्या रिकाम्या असताना पूर्ण भरल्या, तरी अर्ध्या युनिटच्या आत काम होतं. दोन-तीन रुपये! पेट्रोल लिटरला शंभरच्या वर, आमचं जुनं मशीन तासाला लिटरच्या आतबाहेर प्यायचं, त्यात ऑइल वेगळं. ऑइलचं मापही प्रत्येक मशीनचं निराळं, कुणाला लिटरला चाळीस मिली, कुणाला वीस. फोर-स्ट्रोक घेतलं तर ही मिसळामिसळ वाचते, ऑइल वेगळं घालायचं आणि बदलायचं, पण वजन आणि किंमत थोडी वाढते. पेट्रोलच घ्यायचं ठरलं असेल आणि मशीन बाईच्या हातात राहायचं असेल, तर मी फोर-स्ट्रोकच सांगेन.

आणखी एक भानगड मेकॅनिकने सांगितली. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते कशापासून? त्यातलं काही आपल्याच उसापासून! रस आणि मळी इथून जाते आणि पेट्रोल होऊन परत येते. ऊसवाल्यांना चार पैसे मिळतात, माझी तक्रार नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळाभर टाकीत पेट्रोल तसंच राहिलं तर खाली पाणी बसतं, कार्बोरेटर गंजतो, चिकटतो. जुन्या छोट्या मशीनच्या माहितीपुस्तकात दहा टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं सापडतं. म्हणून काम झालं की टाकी रिकामी करायची आणि मशीन चालू ठेवून उरलेलं पेट्रोल जळू द्यायचं. आमच्या मशीनची वीस वेळा दोरी ओढूनही फट् फट् का झाली, ते मला तेव्हा समजलं. खांद्याला मात्र उशिरा समजलं.

बॅटरीचे लाडही कमी नाहीत. पाठीवरच्या फवारणी पंपात बहुतेक ठिकाणी अजून जुन्या पद्धतीची, शिसं-आम्लाची बारा व्होल्टची बॅटरी असते. ती रिकामी ठेवली की मरते. हंगाम संपला की आपण पंप कोपऱ्यात टाकतो आणि दिवाळीनंतर काढतो, तेव्हा तो बंद. दोष कंपनीला. महिन्यातून एकदा चार्जिंगला लावला असता तर टिकला असता! लिथियमचं थोडं वेगळं, ती अर्धी-पाऊण भरून सावलीत ठेवायची, आणि कामावरून आणल्या आणल्या गरम असताना चार्जिंगला लावायची नाही. पत्र्याच्या शेडमध्ये चैत्र-वैशाखात तर ठेवूच नये. आणि पेट्रोलचं मशीन कुठल्याही बाजारात कुणीही खोलतो, बॅटरीच्या पॅकमधलं सर्किट गेलं तर मात्र आपल्याकडे हात लावणारा माणूस मिळणं कठीण. नवा पॅक घ्या म्हणतात, आणि तो मशीनच्या निम्म्या किमतीपर्यंत जातो. एका कंपनीचा पॅक दुसरीला बसत नाही. त्यामुळे सर्व्हिस आपल्या तालुक्यात किंवा निदान शेजारच्या तालुक्यात आहे का, हे किंमत विचारायच्या आधी विचारावं.

माझ्या नणंदेची मुलगी कॅलिफोर्नियात असते. तिच्याशी फोनवर हे सगळं बोलत होते तर ती हसायलाच लागली. "मामी, आमच्याकडे यावर कायदाच झालाय!" म्हणाली. तिथे २०२१ साली कायदा झाला आणि २०२४ पासून बागेच्या छोट्या पेट्रोल इंजिनांची नवी विक्री बंद करायचं ठरलं. तिथल्या सरकारी प्रदूषण मंडळाने हिशेब मांडला होता की, पाला उडवायचं पेट्रोल मशीन एक तास चालवलं तर काही बाबतींत मोटारीने अकराशे मैल जाण्याएवढा धूर होतो. मला आधी खरं वाटेना. पण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-ऑइलचा बराच भाग न जळताच बाहेर पडतो, आणि धुराचं तोंड चालवणाऱ्याच्या नाकापासून हातभर. आवाजाचंही तसंच. पंचाऐंशी डेसिबलच्या वर रोज आठ तास राहिलं तर कान जातात, आणि ही मशीनं त्याच्या पुष्कळ वर ओरडतात. भाचीने पुढे सांगितलेलं मला जास्त पटलं. कायद्याला तिथे खरा विरोध झाला तो दारोदार बागा राखणाऱ्या माणसांकडून. ते म्हणाले, ज्याचं अंगण त्याला बॅटरी परवडते, आम्हाला दिवसभर काम करायचं तर पाच-सहा पॅक लागतात, ते कुणी घ्यायचे?

हेच आमच्या मावशींनी निराळ्या शब्दांत विचारलं होतं. बैठकीनंतर त्या माझ्याबरोबर वस्तीपर्यंत चालत आल्या. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मशीन आलं की मला कोण बोलवंल गं?" मला एकदम उत्तर सुचेना. खुरपणीचा रोज हेच त्यांचं मिळकतीचं साधन, आणि बांधावरचं गवत हा त्यांच्या तीन शेळ्यांचा चारा. मी म्हटलं, उसाच्या सरीत, कांद्यात खुरपंच लागणार, तिथे मशीन चालत नाही. त्या म्हणाल्या, "आन् बांधावर?"

बांधावर लागणार नाही, हे खरंच होतं.

हा भाग मला अजूनही अवघड वाटतो. आपण आपल्या सोयीचं यंत्र घेतो तेव्हा कुणाची तरी मजुरी त्यात जाते, आणि ती बहुतेक वेळा बाईचीच असते. बॅटरीच्या फवारणी पंपाचंही मी पाहिलंय. दांडा मारायचा हातपंप होता तोवर फवारणी गडीमाणसं करायची. बटणाचा आला आणि तो बायकांच्या पाठीवर चढला. हलका झाला म्हणून चांगलंच, पण औषधाचा वास आता आपण घेतो, आणि तोंडाला बांधायला पदराशिवाय काही नसतं.

शेवटी गटानं बॅटरीचं मशीन घेतलं, दोन पॅकसह. पैसे कमी पडले तेव्हा अनुदानाचं निघालं. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात महिला शेतकऱ्यांना अनुदानाचा दर जास्त आहे, पन्नास टक्क्यांपर्यंत, इतर सर्वसाधारण शेतकऱ्यांना चाळीस. अर्ज महाडीबीटीवर करायचा. वाचून मी खूश! पण अर्ज करायचा तर सातबारा आपल्या नावाचा हवा. दहा जणींत सातबाऱ्यावर नाव किती जणींचं? दोघींचं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली त्याला तीन तपं होऊन गेली. माझं माहेर त्यावेळी त्या चळवळीत होतं, आईच्या नावावर दीड एकर झाली होती, आणि मी स्वतः मात्र इतकी वर्षं सातबारा उघडून पाहिला नव्हता.

पाहिला तर काय, सासरे जाऊन सहा वर्षं झाली तरी जमीन त्यांच्याच नावावर! वारस नोंदच केलेली नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "करू की, घाई काय?" सासूबाई ऐकत होत्या. नवऱ्याच्या मागे बायकोही मुलांच्या बरोबरीची वारस असते, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे माझं बी नाव लागंल?" सत्तरी ओलांडलेली बाई. जन्मभर त्या रानात राबलेली. आम्ही दुसऱ्याच दिवशी कागद गोळा केले आणि तलाठी कार्यालयात गेलो (आता पदाचं नाव बदललंय, पण आपण तलाठीच म्हणतो). मशीनला ते अनुदान काही वेळेत मिळालं नाही, ते आम्ही गटाच्या पैशांतून आणि थोडं कर्ज काढून घेतलं. नोंद मात्र झाली.

मशीन येऊन आता नऊ-दहा महिने होतील. तक्रारी सांगायच्या तर आहेत. पहिल्या मोठ्या पावसानंतर चारीच्या कडेचा लव्हाळा मारायला नेलं आणि दोन्ही पॅक तासाभरात संपले. उरलेलं काम आमच्याच दुरुस्त केलेल्या पेट्रोल मशीननं केलं, ह्यांनी सुट्टीच्या दिवशी. मोठे बांध अजून तेच मारतं आणि मारेल. पण अंगण, गोठ्याभोवती, शाळेमागे, पेरूच्या ओळींत, तिथे बॅटरीचं मशीन जातं आणि बाईच चालवते.

चालवणाऱ्या मावशीच आहेत. ठरावच केला तसा, की भाडं तासावर आणि त्यातला अर्धा हिस्सा चालवणारीचा. पहिल्या दिवशी त्या नऊवारीत आल्या. म्हटलं, आधी हे बदला. फिरत्या पात्यापाशी पदर, ओढणी, सुटा केस काही नको. आता त्या मुलाची जुनी पॅन्ट-शर्ट घालतात, डोळ्यांना चष्मा, पायात बूट. गाव दोन दिवस हसलं. तिसऱ्या दिवशी कामं यायला लागली. चाऱ्याचं गवत असलं तर त्या नायलॉनची दोरी काढून लोखंडी पातं लावतात, कारण दोरीचे तुकडे तुटून चाऱ्यात जातात आणि जनावराच्या पोटात बसतात. हे त्यांना कुणी सांगितलं नाही, त्यांनीच पहिल्या दिवशी शेळीच्या पुढ्यातलं गवत चिवडून शोधून काढलं. कापलेला चारा कुणाचा, यावरून एकदा वाद झाला. ज्याचं रान त्याचा, असं मालकीणबाई म्हणाल्या. मावशींनी भाड्यातले वीस रुपये सोडले आणि भारा घरी नेला.

आता प्रश्न राहिला होता चार्जिंगचा. वस्तीवर लाईट कधी असते, कधी नसते, म्हणून पॅक मावशींच्या घरी, गावठाणात ठेवायचे ठरलं. पहिल्या महिन्याच्या बैठकीत त्यांची सून लाईट बिल घेऊन आली. म्हणाली, आमचं बिल वाढलं, गटानं द्यावं. मी हिशेब करून दाखवला, एका वेळचे दोन-तीन रुपयेच होतात. ती म्हणाली, "व्हत असतील. पण त्ये काढून घालायला, उन्हातनं सावलीत ठेवायला रात्री मीच उठते ना?"

वहीत मग नवी ओळ आली. चार्जिंग, एका वेळचे दहा रुपये, सुनेच्या नावावर.